विनोदाची नाममुद्रा

मराठी गृहस्थाची सकाळ वृत्तपत्राने उजाडते, हे विधान एके काळी इतके स्वयंसिद्ध होते की कित्येक विनोदी लेखकांनी त्याच्या आधारावर आपला प्रपंच चालविला. चहा, चष्मा आणि वृत्तपत्र या त्रयीपैकी एकही वेळेवर हाती आले नाही तर घरात जे रामायण घडे, त्यातून एक लेख सहज निघत असे. आज चहा आहे. चष्मा आहे, आणि तो कपाळावर असल्यामुळे सापडत नाही हेही पूर्ववतच आहे. वृत्तपत्रही कित्येक घरी येते. परंतु ते घडी न मोडता तसेच पडून राहते, त्यावर चहाची बशी विसावते, आणि गृहस्थाची मान हातातील भ्रमणध्वनीकडे झुकलेली असते. पूर्वी वृत्तपत्रामागे लपलेला चेहरा घरच्यांना दिसत नसे. आता चेहरा दिसतो, पण माणूस सापडत नाही, एवढाच काय तो फरक.

असा एक गृहस्थ कल्पावा. तो इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद यांसारख्या बृहन्महाराष्ट्रातील एखाद्या शहरी राहतो, नोकरीतून निवृत्त झालेला आहे, आणि स्थानिक महाराष्ट्र मंडळाच्या ग्रंथालयाचा जुना सभासद आहे. पूर्वी पुण्यामुंबईचे वृत्तपत्र त्याच्या हाती शिळे होऊन पडे. आता पुण्यातील विनोद पुणेकराच्याही आधी त्याच्यापर्यंत पोहोचतो. व्हॉट्सॲपवरील पाच समूहांचा तो सदस्य आहे: एक नातेवाइकांचा, दुसरा शाळेतील वर्गबंधूंचा, तिसरा निवृत्त सहकाऱ्यांचा, चौथा गृहनिर्माण संस्थेचा आणि पाचवा सकाळी फिरावयास जाणाऱ्यांचा. हा पाचवा समूह निर्माण झाल्यापासून फिरावयास जाणाऱ्यांची संख्या घटली आहे, असे त्याचे निरीक्षण आहे. एकच विनोद त्याला पाच दिशांनी येतो आणि पाचही ठिकाणी हसल्याची पिवळी मुद्रा उमटविणे त्याला भाग पडते. कारण एके ठिकाणी हसून दुसऱ्या ठिकाणी गप्प राहिल्यास वर्गबंधूंना नातेवाइकांचा हेवा वाटण्याचा संभव असतो. पहिल्या वेळी तो खरोखर हसतो. उरलेल्या चार वेळा तो केवळ सभ्यता पाळतो.

या गृहस्थाच्या दिवसाचा पहिला वाचनघास या मजकुराचा असतो, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांनी हसण्यावारी नेऊ नये. तो जे वाचतो त्यात लघुनिबंधाचे, विनोदी लेखाचे, व्यक्तिचित्राचे आणि सुभाषिताचे सारे अवशेष आहेत. बायकोने सांगितलेली भाजी विसरणे, वाहनतळावर स्वतःची गाडी न ओळखणे, नातवाकडून यंत्र शिकताना होणारी मानहानी, लग्नात जेवणाच्या रांगेत उभे राहणे, हे विषय नवे नाहीत. ना. सी. फडके यांच्या ‘गुजगोष्टी’ १९३३ साली ग्रंथरूपाने आल्या, त्या वेळी दैनंदिन जीवनातील क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींना साहित्यात बसावयास पाट मिळाला. तो पाट आजही मांडलेला आहे. फक्त पाटावर कोण बसले आहे हे कळेनासे झाले आहे. आणि प्रस्तुत लेखाचा विषय नेमका हाच आहे.

मराठी विनोदाचे प्रसारमाध्यमांशी असलेले नाते आजचे नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘सुदाम्याचे पोहे’ मासिकांच्या युगात शिजले. चिं. वि. जोशी बडोद्यास पालीचे अध्यापन करीत असताना त्यांचा चिमणराव नियतकालिकांतून आणि ग्रंथांतून घरोघरी गेला, आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनच्या पडद्यावर तो पुन्हा एकदा जन्मास आला. पु. ल. देशपांडे तर आकाशवाणी आणि दूरदर्शन या दोन्ही संस्थांत प्रत्यक्ष नोकरी केलेले लेखक. माध्यमांचे त्यांना वावडे नव्हते, उलट ध्वनिक्षेपकापुढे उभे राहून वाचन करणे हा त्यांच्या प्रतिभेचा एक स्वभावच होता. म्हणून नवे माध्यम आले की विनोद बिघडतो, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. मासिक, वृत्तपत्र, आकाशवाणी, दूरदर्शन या सर्वांनी विनोदाचा वेष पालटला. परंतु विनोद कोणाचा, हा प्रश्न त्यांपैकी कोणीही पुसून टाकला नव्हता. तो प्रथमच पुसला गेला आहे.

पुसला गेला, हेही तितकेसे अचूक नव्हे. कर्त्याचे नाव बहुधा मजकुराखाली असतेच. मात्र ते चुकीचे असते. गमतीदार मजकूर असेल तर त्याखाली पु. ल. देशपांडे, किंचित हळवा असेल तर व. पु. काळे, आणि छंदोबद्ध असून उपदेशपर असेल तर कुसुमाग्रज किंवा विंदा करंदीकर, अशी ढोबळ वाटणी आढळते. पु. ल. १२ जून २००० रोजी निवर्तले, व. पु. २००१ मध्ये. व्हॉट्सॲपचा जन्म २००९चा. तरीही मजकुरात भ्रमणध्वनीची घंटा वाजली, कोणी सेल्फी काढली आणि खाली पु. लं.चे नाव आले, तरी वाचणाऱ्याच्या मनात शंका उद्भवत नाही. ज्या देशात एका महाकाव्याची अंतर्गत प्रमाणे तपासण्यासाठी विद्वानांनी आयुष्ये वेचली, त्या देशात इतकी सोपी अंतर्गत प्रमाणे कोणी पाहू नयेत, ही मौजेची गोष्ट होय. स्वतः पु. लं.नी यावर एक फर्मास लेख लिहिला असता. आणि तो आज कदाचित व. पुं.च्या नावाने फिरत राहिला असता.

येथे भारतीय साहित्याचा जाणकार एक आक्षेप घेईल, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. तो म्हणेल: यात नवे काय आहे? आपल्या मध्ययुगीन काव्याची सारी इमारतच अशा नावांवर उभी आहे. मराठीतील नाममुद्रा, बंगालीतील भणिता, हिंदीतील छाप, कन्नड वचनांतील अंकित, उर्दूतील तखल्लुस ही एकाच घराण्यातील भावंडे होत. नामदेवांच्या गाथेत पुढे सोळाव्या शतकात होऊन गेलेल्या विष्णुदास नाम्याची रचना मिसळली, आणि ती वेगळी करण्यासाठी संशोधकांना किती श्रम पडले हे सर्वांस ठाऊक आहे. फतेहपूर येथे १५८२ मध्ये लिहिल्या गेलेल्या हस्तलिखितात सूरदासाच्या छापेची २३९ पदे आहेत. पुढे छापील ‘सूरसागर’ मात्र पाच हजार पदांच्या घरात जाऊन पोहोचला. कबीराच्या नावावर तर कबीरानंतर लोक लिहीतच राहिले. मग पु. लं.च्या नावावर त्यांच्या मृत्यूनंतर मराठी समाजाने चार विनोद रचले, तर ती त्याच परंपरेची वाढ का मानू नये? लोकांना जो आवडतो त्याच्या मुखी ते आपले शब्द घालतात. ही विटंबना नसून पूजा आहे.

हा युक्तिवाद आकर्षक आहे. परंतु तो मान्य करता येत नाही. त्याचे पहिले कारण असे की नाममुद्रा घेणारा कवी स्वतःचे नाव सोडीत असे. आपले शब्द त्याने संतचरणी वाहिले. त्या त्यागाबरोबर एक बंधनही त्याने पत्करले. नाम्याच्या मुखी काय शोभेल आणि काय शोभणार नाही, याची जाण संप्रदायाला होती. बसवण्णांच्या वचनात ‘कूडलसंगमदेव’ हे अंकित येते, ते तर कवीचे नावच नव्हे, त्याच्या आराध्याचे नाव आहे. व्हॉट्सॲपवरील मजकुराच्या बाबतीत नाव सोडणारा आणि नाव लावणारा या दोन भिन्न व्यक्ती असतात. कोणा हयात लेखकाने अथवा लेखिकेने एखाद्या पुरवणीत लेख लिहिलेला असतो. पहिल्या प्रवासात त्याचे शीर्षक गळते, दुसऱ्यात नाव गळते, आणि तिसऱ्या प्रवासात कोणा उदार हृदयाच्या मध्यस्थाला मजकूर अनाथ राहू नये असे वाटून तो त्याला थोर बाप मिळवून देतो. एकाने केलेला त्याग आणि दुसऱ्याने केलेला अपहार यांचे दृश्य फळ एकच असले, तरी त्यांना एका नावाने संबोधणे योग्य नव्हे.

दुसरे कारण असे की कीर्तनकार किंवा भजनी मंडळाचा गायक श्रोत्यांसमोर उभा असे. अभंग नाम्याचा असो वा नसो, तो म्हणणारा कोण हे गावाला ठाऊक असे, आणि चुकीचे बोलल्यास त्याला तेथल्या तेथे टोकणारा एखादा वृद्ध वारकरी खांबाला टेकून बसलेला असे. पोथीची नक्कल करणारालाही श्रम पडत. फार दूर जावयास नको. गेल्या शतकात ‘हे पत्र अकरा जणांना लिहून पाठवा, अन्यथा अनर्थ होईल’ अशी पोस्टकार्डे घरोघरी येत, तीसुद्धा हाताने लिहावी लागत, तिकिटाचा खर्च पडे, आणि अक्षरावरून पाठविणारा ओळखूही येई. आजच्या प्रसारास ना श्रम, ना खर्च, ना अक्षर. अंगठ्याच्या एका स्पर्शात तो संपतो. जुलै २०१८ पासून अशा मजकुरावर तो पुढे पाठविलेला असल्याची खूण येऊ लागली, आणि फार फिरलेल्या मजकुरावर पुढे दुहेरी बाण येऊ लागला, हे खरे. परंतु मजकूर किती भटकला एवढेच ती खूण सांगते, कोठून निघाला ते सांगत नाही. पाकिटावर साऱ्या टपालकचेऱ्यांचे शिक्के असावेत आणि पाठविणाराचा पत्ता तेवढा नसावा, तशातला हा प्रकार.

तिसरे कारण अधिक महत्त्वाचे. परंपरेत प्रक्षेप होते, तसे प्रक्षेपांचे शोधनही होते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे त्यात आपली ओवी घालणारा हा अमृताच्या ताटात करवंटी आणून ठेवणारा ठरेल, अशा आशयाची ताकीद शेवटी देऊन ठेवली. भक्तिपरंपरेला कर्तृत्वाची पर्वा नव्हती असे जे सरसकट म्हटले जाते, त्याला ही एकच ताकीद पुरेसे उत्तर आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ पासून १९६६ पर्यंत चाललेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य हे त्याच वृत्तीचे आधुनिक रूप होय. मिर्झा गालिब आरंभी ‘असद’ या नावाने लिहीत. दुसऱ्या एका असदाचा शेर कोणीतरी त्यांच्या नावे वाखाणला, तेव्हा तो आपला नव्हे हे सांगताना त्यांची झालेली चिडचिड प्रसिद्धच आहे. गालिब सुदैवी म्हणावयाचे. त्यांना एकाच असदाचा बंदोबस्त करावयाचा होता.

तथापि हा सारा प्रपंच काव्याच्या बाबतीत जेवढा गंभीर आहे, त्याहून विनोदाच्या बाबतीत अधिक गंभीर आहे, असे मानावयास आधार आहे. विनोदाला सही लागते. भक्तिकाव्याचा आशय नाव गळले तरी पुष्कळसा टिकतो. विनोदी निबंधाचा टिकत नाही, कारण त्या निबंधाचा खरा विषय त्यातील ‘मी’ असतो. चिमणराव आपली फजिती स्वतः सांगतो. कोल्हटकरांचा सुदामा स्वतःच्या भोळेपणाला पुढे करून समाजाच्या रूढींना उघडे पाडतो. पु. लं.च्या ‘असा मी असामी’मधील धोंडो भिकाजीच्या कथनात हसू येते ते त्याच्या स्वतःच्या भित्रेपणाचे, त्याच्या मध्यमवर्गीय हिशेबांचे. गडकऱ्यांनी विनोदासाठी ‘बाळकराम’ आणि कवितेसाठी ‘गोविंदाग्रज’ अशी दोन टोपणनावे घेतली. परंतु मुखवट्यामागे कोण आहे हे वाचक जाणून होते. या सर्वांनी प्रथम स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आणि मगच जगावर खटला भरला. दुसऱ्याला हसण्याचा अधिकार त्यांनी स्वतःला हसून मिळविला होता.

सही काढून घेतली की हा पिंजरा रिकामा होतो. मग हसण्यासाठी दुसरा आरोपी शोधावा लागतो आणि तो शोधण्यास वेळ लागत नाही: बायको, सून, मोलकरीण, शेजारचा प्रांत, शेजारचा धर्म. पुढे पाठविल्या जाणाऱ्या विनोदांत स्वतःवर हसणारे विनोद नसतात असे नव्हे. परंतु ‘मी’ म्हणणारा तेथे कोणीच नसल्यामुळे स्वतःवरचे हसूही उसने असते. ‘माझी बायको’ असे लिहिणारा लेखक सायंकाळी घरी जाऊन त्याच बायकोला तोंड देत असे. विनोदाला मर्यादा घालणारी ती एक मोठी संस्था होती. निर्नाम विनोदाला घरी जावयाचे नसते.

आणि अंगठा एकच आहे, हे विसरता येत नाही. ज्या अंगठ्याने सकाळी विनोद पुढे जातो, त्याच अंगठ्याने, तितक्याच निष्पापपणे, दुपारी अफवाही पुढे जाते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा या गावी, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जणांची जमावाने हत्या केली. ती माणसे भिक्षेकरी होती आणि आपले पोट घेऊन गावोगाव हिंडत होती. त्या महिन्यात भारतात एक मजकूर एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठविता येऊ नये अशी मर्यादा व्हॉट्सॲपने घातली, आणि एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेल्या मजकुरासाठी ती एकावर आणली. यंत्राला जे करता येण्याजोगे होते ते त्याने केले. परंतु ‘हे कोणी सांगितले?’ हा प्रश्न यंत्र विचारीत नाही. तो माणसाने विचारावयाचा असतो. ज्या समाजाने विनोदाच्या बाबतीत तो विचारण्याची सवय सोडली, त्याला अफवेच्या बाबतीत तो ऐन वेळी आठवेल अशी आशा धरणे व्यर्थ होय. कर्त्याची चौकशी ही केवळ पंडितांची हौस नव्हे, ती नागरी जीवनाची शिस्त आहे, हे राईनपाड्याने सांगितले.

या संदर्भात विद्यापीठांतील भाषाविभागांवर एक काम येऊन पडते, आणि ते त्यांच्या योग्यतेचे आहे. या मजकुराकडे नाक मुरडून पाहण्याऐवजी त्याचे संकलन व्हावे; प्राप्तीची तारीख आणि पाठभेद यांची नोंद व्हावी; मूळ लेखक सापडेल तेथे त्याचे नाव त्याला परत मिळावे. एकच विनोद मराठीत पु. लं.च्या नावे नांदत असेल, तर हिंदीत गेल्यावर तो हरिशंकर परसाईंच्या खात्यावर जमा होतो काय, आणि गुजरातीत ज्योतीन्द्र दवे यांच्या? झाल्यास, कोणत्या भाषेत कोणते नाव विनोदाची टाकसाळ मानले जाते, यावरून त्या त्या समाजाच्या स्मृतीविषयी बरेच काही कळू शकेल. पाठचिकित्सेचे शास्त्र शिकविण्यासाठी भूर्जपत्रेच हवीत असे नाही. ज्या विद्यार्थ्याला आपल्या खिशातील मजकुराचा प्रक्षेप ओळखता येत नाही, त्याला आदिपर्वातील प्रक्षेप ओळखता आला, तरी त्या विद्येचा उपयोग परीक्षेपुरताच राहणार.

राहिला तो गृहस्थ. त्यानेही एकदा हे व्रत घेतले, असे कल्पावे. समूहावर विनोद आला की ‘हे कोणाचे?’ असे तो विचारू लागला. पहिल्या दिवशी कोणी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी एका वर्गबंधूने त्याला गुलाबाचे फूल आणि शुभ सकाळ पाठविली. तिसऱ्या दिवशी नातेवाइकांच्या समूहात त्याच्या प्रकृतीची चौकशी झाली. तेव्हा त्याने दुसरा मार्ग धरला. कपाळावरचा चष्मा शोधण्यात त्याची एक सकाळ गेली होती. तिच्यावर त्याने स्वतःच दहा-बारा ओळी लिहिल्या, खाली स्वतःचे पूर्ण नाव घातले आणि त्या पाचही समूहांना पाठविल्या. पिवळ्या मुद्रा फारशा उमटल्या नाहीत. तीन महिने लोटले. मग एके सकाळी त्या ओळी परत त्याच्याच हाती आल्या. दोन शब्द बदललेले होते, एक वाक्य सुधारलेले होते, आणि खाली नाव होते पु. ल. देशपांडे. या खेपेस सर्वजण मनसोक्त हसले होते. गृहस्थाने चष्मा पुसला आणि लिहिले, ‘हे पु. लं.चे नाही, माझे आहे.’ थोड्याच वेळात उत्तरे आली. पु. लं.चे असे काही आपलेच वाटते, हीच तर त्यांची थोरवी, यावर पाचही समूहांचे एकमत होते.